दत्तक घेतलेलं घर

माझ्या टेबलाच्या डाव्या खणात तीन आठवड्यांपासून एक रजेचा अर्ज पडून आहे. कॉलेजचा छापील नमुना. वर विद्यार्थिनीचं नाव, रोल नंबर, रजेचे दिवस: एक. कारण: घरात मयत. त्याच्याखाली ‘मृत व्यक्तीशी नातं’ असा एक रकाना आहे आणि तो कोरा आहे. अर्ज घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली, तेव्हा त्या रकान्यावर बोट ठेवून तिनं विचारलं होतं, “मॅम, यहाँ क्या लिखूँ?” मी म्हटलं, ठेव इथं, बघते. आपल्याकडे ‘बघते’चा अर्थ काय होतो, तो तुम्हाला सांगायला नको. तेव्हापासून खण उघडला की आधी तो कागद दिसतो. मग मी स्टेपलर घेते आणि खण लावून टाकते.

मुलगी बिहारची. कोट्याला दोन वर्षं घासून, ‘नीट’ परीक्षा देऊन, आयुष्यात कधी नकाशावरही न पाहिलेल्या बेळगावात येऊन पडलेली. तिच्या घरचे सगळे सुखरूप आहेत. जो म्हातारा गेला, तो जांबोटी रस्त्यावरच्या एका गावातला. दीड एकर भात-रताळ्याचं रान, दोन म्हशी, मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत, सून, नववीतला नातू. रक्ताचं सोडा, जात, भाषा, जिल्हा, काहीच जुळत नव्हतं. सरकारी कागदाप्रमाणे मात्र ते घर तिचंच होतं. २०२१-२२ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या प्रत्येक पोरानं खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची, शिक्षण संपेपर्यंत त्यांच्याकडे जात राहायचं, त्यांचं वजन-उंची-बीपी-शुगर बघायचं, असा नियम आला. फॅमिली अडॉप्शन. हे ज्या विषयात येतं, तो मी शिकवते. पूर्वी त्याला पीएसएम, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणायचे, आता कम्युनिटी मेडिसिन म्हणतात, आणि पोरांच्या भाषेत तो कायमच झोपेचा तास आहे. दुपारी अडीचला कुणालाही संडासाच्या खड्ड्याचं माप शिकवून बघा, म्हणजे कळेल.

पहिल्या वर्षी पोरांना घरं वाटून देताना ‘अडॉप्शन’चं मराठी मीच करून सांगितलं होतं. उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, “आजी, ह्या पोरीनं तुमचं घर दत्तक घेतलंय.” म्हातारी सुपात तांदूळ पाखडत होती. हात थांबला. “दत्तक? म्हंजे शेत हिच्या नावावर करायचं व्हय?” आतून म्हातारा खोकत हसला. “दीड एकर हाय म्हणावं. उताऱ्यावर आधीच चार भावांची नावं हायत, हिचं पाचवं लावूया.” मी हसले, पोरगी काही न कळता हसली. म्हातारीला मात्र तो शब्द सहज सोडवेना. “दत्तक घेतलंयस, तर सुतकबी धराय लागतंय बग गे,” ती पोरीला म्हणाली आणि पुन्हा सूप हलवायला लागली. पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कुछ नहीं, मज़ाक कर रही हैं.

शब्दाची निवड चुकलीच माझी. दत्तक हा शब्द असा हवेत सोडून द्यायचा नसतो, निदान ह्या जिल्ह्यात तरी. दत्तकावरून इथं लढाई झालेली आहे. १८२४ साली कित्तूरच्या देसायांनी घेतलेला दत्तक मुलगा इंग्रजांनी मानला नाही. राणी चन्नम्मा उभी राहिली आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्या लढाईत पडला. पुढं कित्तूर गेलं, राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत गेली. शाळेत ही गोष्ट आम्ही कन्नडच्या बाईंकडून कन्नडमध्ये आणि घरी आजीकडून मराठीत ऐकली. दोन्हीकडे राणी तितकीच शूर होती. सांगायचा मुद्दा इतकाच, की दत्तक म्हणजे नाव, जमीन, पिंड, सुतक. आम्ही त्याचा अर्थ केला फॉर्म, फोल्डर, लॉगबुक आणि भेटीमागे एक सही.

पोरगी मात्र त्या घरात पटकन रुळली. त्याचं एक कारण माझ्या फार उशिरा लक्षात आलं आणि ते व्याकरणातलं निघालं. आमच्याकडच्या बायका ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ह्याचं भारी हसू येतं. मी स्वतः पुण्याला शिकायला गेले तेव्हा आठवड्यात ‘जाते, येते’ करायला शिकले. तोंड बदललं, अजून ते परत आलेलं नाही. बिहारची ही पोरगी हिंदीत म्हणायची, “हम आएँगे, हम देखते हैं.” म्हातारी म्हणायची, “मी बघतो, मी करतो.” दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत तासभर बोलत बसायच्या आणि बाई-पुरुषाच्या क्रियापदाचा प्रश्न दोघींनाही कधी पडायचा नाही. दुभाषी म्हणून मी शेजारी उभी, आणि माझंच व्याकरण तेवढं शुद्ध.

भाषेचं हे प्रकरण आमच्याकडे जरा नाजूक असतं. कोणत्या चौकात कोणत्या पाटीवर काय लिहिलंय, ह्यावर इथं नोव्हेंबर उजाडतो आणि मावळतो; त्यात मी शिरत नाही. पण पहिल्या वर्षाच्या फाउंडेशन कोर्समध्ये बाहेरून आलेल्या पोरांना स्थानिक भाषा शिकवायची असते, म्हणून आम्ही कन्नड शिकवतो. ‘निमगे एनु तोंदरे?’ ‘एष्टु दिनदिंद?’ काय त्रास होतोय, किती दिवसांपासून. पोरं इमानानं पाठ करतात. मग बस शहराच्या पूर्वेला गेली तर ती वाक्यं चालतात आणि पश्चिमेला गेली की एखादी काकी कपाळाला हात लावून म्हणते, “मराठीत इचार की रे बाबा.” तसं म्हटलं तर आमच्या मराठीतही निम्मं कन्नड मुरलेलं आहे. गरोदर बाईचं सरकारी कार्ड इथं ‘तायि कार्ड’. कन्नडमध्ये तायि म्हणजे आई. आमच्या गावांतल्या बायकांनी त्याचं सरळ ‘ताईकार्ड’ करून टाकलंय. एका बाईनं मला समजावून सांगितलं होतं, “नर्सताई देती, म्हणून ताईकार्ड.” मी दुरुस्त केलं नाही.

शिकवायला सगळ्यात अवघड जागा हीच. पुस्तकात लिहिलेलं असतं की रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहा. त्याचे शब्द कोणते? घेरी येती. जीव घाबरा होतो. अंगात कसर हाय. पायात गोळं येत्यात. पोटात गुबारा धरतो. कसनुसं होतंय. ‘कसनुसं’चं इंग्रजी कुणीतरी करून दाखवा, त्याला मी पदरची दोन गुणांची खैरात करेन. ‘अंगावरून जातंय’ म्हणजे काय, हे मुलग्यांना कळायला सहा महिने लागतात आणि कळल्यावर पुढं सहा महिने ते तो प्रश्नच विचारत नाहीत. उत्पन्नाचं तसंच. कुटुंबाची आर्थिक स्थिती मोजायला आम्ही बी. जी. प्रसाद ह्यांची १९६१ सालची वर्गवारी वापरतो, महागाईप्रमाणे आकडे बदलून घेत घेत. त्यात माणशी दरमहा उत्पन्न लागतं. पोरीनं हे विचारल्यावर म्हातारा म्हणाला होता, “महिन्याला? आमचं वर्षाला असतंय. तेबी पावसाला इचार.” पोरीनं वर्षाच्या अंदाजाला बारानं भागलं, मग पाचानं भागलं आणि त्या घराला तिसऱ्या वर्गात बसवलं. म्हाताऱ्यानं विचारलं, “पास झालो काय?”

पाचानं भागलं. हा पाच लक्षात ठेवा.

त्या पावसाळ्यात, श्रावण संपता संपता, ती दुसऱ्या वर्षाला गेल्यावर, आमची एक भेट झाली. जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको; पुढं कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं तर तो माणसाला बोलूही देत नाही. बस पाराजवळ थांबली, पोरांनी पांढरे कोट छत्रीच्या आत ओढून घेतले. घरात शिरलो तर चुलीचा ओला धूर, म्हशीच्या अंगाचा ऊबदार वास आणि सोप्यात एका कडेला रताळ्याच्या वेलांच्या उरलेल्या काड्या. म्हातारा रानातून नुकताच आलेला, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल. पोरीनं त्याला टेकून बसवलं, पाच मिनिटं गप्प बसा म्हणाली, हात छातीच्या पातळीला घेतला, कफ बांधला, कोपराच्या आतली नाडी बोटानं शोधली. सगळं शिकवल्याप्रमाणे. पारा वर गेला, सावकाश उतरला, तिचे ओठ आकडे मोजत हलले आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा घेतलं. १७८/१०४. थोड्या वेळानं तिसऱ्यांदा घेतलं, फारसा फरक नव्हता.

“बीपी वाढलंय मामा,” मी म्हटलं.

“खरं दुखत तर काय न्हाई,” तो म्हणाला.

आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. म्हाताऱ्यानं ते तसंच वापरलं होतं. तरी त्या दिवशी ते दोन्ही अर्थांनी खरं होतं. दुखत काही नव्हतं. बीपीची सगळी मेख तिथंच आहे. पोरीनं मग तक्ता बाहेर काढून मीठ कमी करण्याचं शिक्षण दिलं: लोणचं नको, पापड नको, सुकट नको. मी भाषांतर करत होते आणि करता करता मला दिसत होतं की मी त्या माणसाचं पावसाळ्यातलं सगळं कोरड्यास काढून घेतेय. तो निमूट ऐकून म्हणाला, “मीठ काढलासा तर आंबील काय गोड करून प्यायची?” म्हातारी चुलीकडनं म्हणाली, “ऐक की जरा, पोरगी सांगूलीया.” शेवटी पोरीनं चिठ्ठी लिहिली: प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, बीपी परत तपासा, गोळ्या सुरू करा. खाली मी सही केली. चिठ्ठी मराठीत नव्हती, कन्नडमध्येही नव्हती. ज्या दोन भाषांवरून आमचं एवढं रामायण चालतं, त्या दोन्ही बाजूला ठेवून आम्ही ती इंग्रजीत लिहिली होती.

मग परीक्षा आल्या, दसरा आला, दिवाळीची सुट्टी लागली. बस तिकडं गेली नाही.

माझी मावशी खानापूर तालुक्यात उपकेंद्रावर नर्स होती. लोक तिला नर्सबाई म्हणायचे, नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सुट्टीत मी तिच्याकडे जायची. रात्री-अपरात्री कंदील घेऊन कुणीतरी दारात यायचं, ती साडीचा ओचा खोचून निघायची आणि पहाटे परत आली की आधी गरम पाण्यानं हात धुवायची, कोपरापर्यंत, बोलायची काही नाही. बाळंतपणात किती रक्त गेलं, हे सांगायची तिची भाषा वेगळी होती. “दोन लुगडी भिजली.” “पोतं भिजून खाली उतरलं.” पुढं मी ह्या विषयात आले, तेव्हा समजलं की हेच मोजमाप ह्याच जिल्ह्यात जगासाठी केलं गेलं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर २००२ ते २००५ ह्या काळात इथल्या खेड्यांत १,६२० बायकांवर एक प्रयोग केला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणारी बाई, शेजारी डॉक्टर नाही, फक्त नर्सबाई. मूल बाहेर आलं की नर्सबाईनं मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडातून द्यायच्या, ६०० मायक्रोग्रॅम. फ्रीज नको, सुई नको. आणि खाली रक्त गोळा करायला खुणा केलेलं प्लास्टिकचं कापड, म्हणजे लुगडी मोजायला नकोत. गोळ्या घेतलेल्या बायकांत जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. अठरा जणींना गोळ्या दिल्या की एकीचा रक्तस्राव टळतो. २००६ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत ह्या कामासाठी ती गोळी घातली.

हे मी वर्गात दरवर्षी सांगते आणि सांगताना माझी मान जराशी ताठ होते, हे कबूल करते. मावशी त्या प्रयोगात नव्हती. पण मी तिला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला: “आणि निम्म्या बायकांना खोट्या गोळ्या दिल्या व्हय?” मी म्हटलं, त्याशिवाय सिद्ध कसं होणार? ती म्हणाली, “व्हय, ते बरोबर हाय.” मग थोड्या वेळानं शेंगा सोलता सोलता म्हणाली, “खरं त्या नर्सबाईला कळत हुतं काय, कुठल्या खऱ्या ते?” नव्हतं कळत. कुणालाच कळू द्यायचं नसतं. मावशीनं मान हलवली आणि विषय बदलला. आकड्यांवर माझा विश्वास आहे, त्या ६.४ च्या मागं घरी परतलेल्या बायका आहेत. तरी मावशीची ती हललेली मान मला कुठल्या तक्त्यात बसवता येत नाही.

डॉक्टरला खेड्यात न्यायची ही धडपड जुनी. स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ साली, भोर समितीनं सांगितलं होतं की वैद्यकीय विद्यार्थ्याला तीन महिने समाजातल्या आरोग्याचं शिक्षण द्या, त्यातून ‘सामाजिक वैद्य’ घडवा. १९६९ साली सेवाग्रामला कॉलेज निघालं, तिथं प्रत्येक तुकडी एक गाव आपलं म्हणून घेते. १९७७ साली कॉलेजांना खेड्यांशी जोडणारी केंद्राची योजना आली. प्रत्येक पिढीला त्याच कामासाठी नवा शब्द सापडतो. आमच्या वाट्याला ‘दत्तक’ आला, एवढंच. मी हे चेष्टेनं लिहीत नाहीये, ह्याच कामावर माझं घर चालतं. शिवाय ह्या बसमधून उतरून चिखलात पाय घातलेली काही पोरं खरंच बदलतात, हेही मी पाहिलंय. काही पोरं उतरतात, सेल्फी काढतात आणि चढतात. कोण कुठलं निघेल, हे पहिल्या दिवशी ओळखता येतं असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

कार्तिकात बस पुन्हा गेली. पोरगी सगळ्यांच्या पुढं. तिनं म्हाताऱ्यासाठी बीपीचा तक्ता स्वतः हातानं काढून आणला होता, हिंदीत, सूर्य आणि चंद्राची चित्रं काढून, सकाळची गोळी, रात्रीची गोळी. दारात गेलो आणि मला एका नजरेत कळलं. अंगण सारवलेलं नव्हतं, रांगोळी नव्हती, सोप्यात मुलगा घोंगड्यावर बसलेला, डोकं तुळतुळीत, कोपऱ्यात पणती. पोरीला कळलं नाही. ती हसत आत गेली. “दादाजी कहाँ हैं?”

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. “गेलं की गे,” ती म्हणाली. “आज सातवा दिस.” मग सांगत गेली, तुकड्या-तुकड्यानं. पहाटे लघवीला उठले, दाराशी कलंडले. “अंगावरनं वारं गेलं. उजवीकडनं. तोंड वाकडं झालं, बोलाय येईना.” पोरगी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “हवा लग गई थी?” मी म्हटलं, स्ट्रोक. आपल्या भाषेत पक्षाघाताचा झटका म्हणजे अंगावरून वारं जाणं. तिनं वही उघडली होती, ती तशीच उघडी राहिली. कुणी तेल चोळायला सांगितलं, कुणी कबुतराचं रक्त लावा म्हणालं, तेही लावून झालं. ऊन वर आल्यावर गाडी मिळाली. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायचं औषध द्यायचं तर साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं; वर्गात हे मी फळ्यावर चौकट करून लिहिते. त्या घरात तो हिशेब मी मनातल्या मनात केला आणि मलाच माझी लाज वाटली. शहरातल्या दवाखान्यात चार दिवस काढून, घरी आणून, त्याच रात्री.

मग म्हातारी उठली. खुंटीवरची पिशवी काढली. आत रेशन कार्ड, लाइट बिलं, उतारा, नातवाचा जातीचा दाखला, आणि त्या सगळ्यात, प्लास्टिकच्या कागदात चौपदरी घडी घालून ठेवलेली, आमची चिठ्ठी. “हिनं दिलेली,” ती म्हणाली. “जपून ठिवलोय बग. पावसात भिजू दिलो न्हाई.” घडी उलगडून तिनं माझ्या हातात दिली. खरंच कुठं एक डाग नव्हता. खाली माझी सही, तारखेसकट. ह्या चिठ्ठीतला मजकूर गावच्या आशाताईला मी कधी सांगितला नव्हता. आरोग्य केंद्राला यादी पाठवायची राहून गेली होती. लॉगबुकात मात्र त्या दिवशीच्या भेटीपुढे ‘योग्य सल्ला व संदर्भ सेवा दिली’ असं होतं, आणि तिथंही सही माझीच. रानात वेल लावायचे होते, दुखत काही नव्हतं, इंग्रजी कुणाला येत नव्हतं. त्यांनी चिठ्ठीचं जे करता येईल ते केलं होतं. जपून ठेवली होती.

बाहेर ऊन चढलेलं. बरोबरची पोरं अंगणात उभी, घामाघूम. पोरीचा घसा सुकला असावा, किंवा काय करावं ते सुचलं नसावं, तिनं नेहमीसारखं माठाकडे बोट दाखवून म्हटलं, “दादी, पानी लें?” म्हातारी गडबडली. “नको गे. सुतक हाय. आमच्यातलं पाणी चालत न्हाई ह्या दिसांत.” पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर करायला हवं होतं. केलं नाही. तिला वाटलं असावं, हो म्हणताहेत. तिनं तांब्या बुडवला, वरूनच घटाघटा प्यायली, तोंड पुसलं आणि जाऊन म्हातारीच्या शेजारी जमिनीवर बसली. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही.

तहान मलाही लागली होती. मी पर्समधली बाटली काढली आणि पाठ फिरवून त्यातलं प्यायले.

मी सुतक-बितक मानत नाही. आईच्या वेळी पाचव्या दिवशी कामावर रुजू झाले होते, भावकी अजून बोलते. मग त्या दिवशी हात पर्सकडे का गेला? सवय म्हणा. बाहेरचं पाणी बाधतं म्हणा. चिठ्ठीवरच्या सहीनंतर त्या घरचं पाणी गळ्याखाली उतरलं नसतं, असंही म्हणून बघितलं, पण ते जरा जास्तच शोभिवंत वाटतं. बाटली काढताना झाकणाचा आवाज झाला, तो तेवढा लक्षात आहे.

परतीच्या बसमध्ये पोरगी खिडकीशी बसली होती. मांडीवर फॅमिली फोल्डर. किणयेच्या पुढं आल्यावर तिनं विचारलं, “मॅम, मेंबर्स में फाइव का फोर करना है?” मी म्हटलं, हो, आणि तारीख टाक. तिनं पाचावर एकच रेघ मारली, वर चार लिहिलं. मग थोड्या वेळानं म्हणाली, “तो इनकम भी बदल जाएगी. पर कैपिटा बढ़ेगी.” बरोबर होतं. तेच उत्पन्न आता चारानं भागायचं. म्हातारा गेला आणि घर कागदावर एक पायरी वर चढलं. तिनं ते गणित केलं की नाही, मी बघितलं नाही. बस उद्यमबागेवरून वळत होती, पाळी सुटलेली माणसं सायकली हातात धरून रस्ता ओलांडत होती.

बाराव्याला ती गेली. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी सीबीटी बसस्थानकावरून बस धरून, एकटी, पांढरा कोट न घालता. मला हे कळलं दुसऱ्या दिवशी, अर्ज समोर आला तेव्हा. लॉगबुक तिनं आणलंच नव्हतं. भेट नोंदवायची आहे का विचारलं, तर नाही म्हणाली.

मी ऑफिसात चौकशी केली. क्लार्कनं संगणकावर तिची हजेरी काढली. थिअरीला ७५ टक्के लागतात, प्रॅक्टिकलला ८०. दोन्हीकडे ती वर होती. “मॅडम, अर्जाची गरजच नाही. एक दिवसानं काही बिघडत नाही,” तो म्हणाला. त्यामुळे नातं कुणालाच भरावं लागलं नाही आणि अर्ज खणात राहिला. आरोग्य केंद्राला पाठवायची यादी मात्र मी त्या आठवड्यात बसून केली, सगळ्या घरांची. एकोणीस नावं निघाली, बीपी वाढलेली, चिठ्ठी दिलेली. आशाताईंना एकेकीला फोन केले. पाच जणांनी दाखवलं होतं.

काल त्यातल्याच एक आशाताई मीटिंगसाठी शहरात आल्या होत्या. जाताना माझ्या खोलीत डोकावल्या आणि टेबलावर एक पिशवी ठेवली, सिमेंटच्या पोत्याची शिवलेली, जड. आत रताळी, मातीसकट, लालभडक सालीची. “म्हातारीनं दिल्यात. त्या उंच पोरीसाठी. तुमच्यासाठी न्हाईत हं मॅडम, तसं सांगाय लावलंय,” त्या हसत म्हणाल्या. मी म्हटलं, देते तिला. हॉस्टेलवर कशात शिजवणार, कुणास ठाऊक. त्या दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या.

“आणि हो, तिला सांगा म्हणं, उकडताना मीठ घाल चांगलं. न्हाई तर पचपचीत लागत्यात.”